साखरेचे राजवाडे आणि एक वही

पुरी कशाने फुगते हा प्रश्न मला उभ्या आयुष्यात कधी पडला नव्हता. ती फुगते एवढे ठाऊक होते. आणि न फुगली तर दोष कणकेचा, तेलाचा किंवा लाटणारीचा, एवढेही ठाऊक होते. परंतु गेल्या पावसाळ्यात नातीच्या हट्टापायी मी घरच्या ओव्हनमध्ये क्रीम भरलेले फ्रेंच गोळे करायला घेतले आणि माझे हे जन्माचे समाधान पार ढळले.

बेकरीच्या काचेच्या कपाटात हे गोळे आपण पाहिलेले असतात. वरून बदामी, खडबडीत, हातात घेतले तर पिसासारखे हलके; आत पोकळ आणि त्या पोकळीत घट्ट गोड क्रीम. फ्रेंच लोक त्यांना शू म्हणतात. त्या भाषेत शू म्हणजे कोबी, आणि आकार पाहिला म्हणजे नाव पटते. मला वाटले, केक जमतो त्या बाईला एवढे जमायला काय हरकत? म्हणून पहिल्या खेपेला मैदा, लोणी, पाणी आणि अंडी एका भांड्यात घालून घोटली. निघाल्या त्या चपट्या चकत्या. दुसऱ्या खेपेला पाणी उकळले खरे, पण कढत पिठातच अंडी फोडली. त्यांचे तुकडे शिजून पिठाचे आम्लेट झाले. तिसऱ्या खेपेला गोळे छान फुगले. ते पाहण्याच्या आनंदात मी ओव्हनचे दार उघडले आणि डोळ्यांदेखत सगळे खाली बसले. नात म्हणाली, आजी, तुझा कोबी सुकला.

शेजारणींना विचारले तर त्या विकत आणणाऱ्या. छापील कृतींत प्रमाण होते, पण असे का करायचे याचा पत्ता नव्हता. तेव्हा मनात आले, हे पहिल्यांदा शिकला तो कोणाकडून शिकला असेल? त्या शोधात एका माणसाची गाठ पडली आणि गोळे बाजूला ठेवून मी कितीतरी दिवस त्याचेच चरित्र वाचीत बसले. त्याचे नाव मारी-आंत्वान कारेम. पुढे तो स्वतःला आंतोनँ म्हणवू लागला.

कारेमचा जन्म पॅरिसमध्ये झाला. ८ जून १७८४ ही तारीख सर्वसाधारणपणे दिली जाते. घरात मुलांचे लेंढार, बाप अंगमेहनत करून पोट भरणारा, आणि त्यातच १७८९ साली राज्यक्रांतीला तोंड लागले. पॅरिसमध्ये पावाची ददात पडली. कारेम आठ-दहा वर्षांचा असेल-नसेल तेव्हाची हकिगत अशी सांगतात, की बापाने त्याला एक दिवस शहराच्या वेशीकडे फिरायला नेले, एका खाणावळीत पोटभर जेवू घातले आणि तुझे नशीब तूच शोध असे सांगून तिथेच सोडून दिले. मुलाने आईबापांना पुन्हा पाहिले नाही म्हणतात. या गोष्टीत पुढे थोडी भर पडली असेल. थोरांच्या बालपणीच्या गोष्टींत ती पडतेच. परंतु पोर रस्त्यावर आले आणि एका स्वस्त खाणावळीच्या मालकाने भांडी घासायला, चूल पेटवायला त्याला ठेवून घेतले, एवढे खरे. ज्याच्या हातचे पुढे बादशहांनी खाल्ले, त्याचा स्वयंपाकघरात प्रवेश झाला तो हा असा, एका रात्रीच्या आसऱ्यासाठी.

सोळा-सतरा वर्षांच्या सुमारास त्याला सिल्व्हँ बायी नावाच्या मिठाईवाल्याकडे उमेदवारी मिळाली. मालकाचे हे नाव मराठी कानाला गमतीचे वाटते. पण गृहस्थ मोठा दिलदार असला पाहिजे. त्याचे दुकान पॅले-रोयालच्या जवळ, व्हिव्हिएन रस्त्यावर होते आणि तिथून हाकेच्या अंतरावर राष्ट्रीय ग्रंथालय. त्या ग्रंथालयात चित्रांचा, नकाशांचा आणि जुन्या इमारतींच्या कोरीव छापांचा एक विभाग होता. बायीने आपल्या या उमेदवाराला कामाच्या वेळात तिथे जाऊन बसण्याची मोकळीक दिली. कारेमला तेव्हा लिहिता-वाचता जेमतेम येत होते. त्याने आधी चित्रे पाहिली, मग ती उतरवून घेतली, आणि चित्राखाली काय लिहिले आहे ते कळावे म्हणून अक्षरे पक्की केली. ग्रीक देवळे, रोमन कमानी, चिनी मंडप, तुर्की छत्र्या, पडक्या वाड्यांचे अवशेष हे सारे तो दिवसा कागदावर काढी आणि रात्री पिठात, साखरेत, बदामाच्या लगद्यात उभे करी.

त्या काळी मोठ्या मेजवानीत टेबलाच्या मध्यभागी अशी एक रचना मांडण्याची चाल होती. काही खाण्याजोग्या, काही नुसत्या पाहण्याच्या. आपल्याकडे गौरीपुढे फराळाची आरास मांडतात, तिचाच हा एक राजेशाही अवतार म्हणा. बायी या रचना दुकानाच्या दर्शनी खिडकीत ठेवी आणि येणारे-जाणारे थबकून पाहात. गिऱ्हाइकांमध्ये तालेराँ होता. नेपोलियनचा परराष्ट्रमंत्री, युरोपभर कावेबाज मुत्सद्दी म्हणून गाजलेला आणि खाण्याचा तितकाच दर्दी. त्याच्या घरच्या मेजवान्यांसाठी कारेमला बोलावणे येऊ लागले. तिथे बूशे नावाचा मुख्य आचारी होता. त्याच्या हाताखाली मिठाईवाला कारेम सामिष पदार्थ, रस्से आणि सॉस यांचे काम शिकला. तालेराँने म्हणे त्याला वर्षभराच्या जेवणांची यादी करायला सांगितली. एकही पदार्थ दुसऱ्यांदा यायचा नाही आणि प्रत्येक भाजी आपल्या हंगामातली हवी, अशा दोन अटी. ही दंतकथा असू शकेल, पण ती ज्याच्याविषयी तयार झाली तो माणूस तसाच होता.

कारेमच्या आयुष्याचा हा भाग वाचीत असताना माझी चौथी खेप झाली. त्याने १८१५ साली प्रसिद्ध केलेल्या मिठाईच्या ग्रंथात शूच्या पिठाला त्याचे मानाचे स्थान आहे. हे पीठ त्याने शोधून काढले असे मात्र नव्हे. कॅथरीन द मेदिची सोळाव्या शतकात लग्न होऊन फ्रान्सला आली, तेव्हा तिच्या इटालियन आचाऱ्यांनी ते आणले अशी एक गोष्ट सांगतात. तिला त्या काळचा पुरावा नाही. लांबट एक्लेअरचे श्रेयही पुष्कळदा कारेमला देतात. पण ते नाव त्याच्या मृत्यूनंतर रूढ झाले, त्याच्या काळचा तसला पदार्थ वेगळ्या नावाने ओळखला जाई. असो. मी कृतीचा क्रम पुन्हा एकदा लक्ष देऊन वाचला. पाणी, लोणी आणि मीठ उकळायचे. खळखळ उकळी आली की मैदा एकदम आत लोटायचा. विस्तवावरच घोटायचे, गोळा भांड्याची कड सोडू लागला आणि तळाला पातळ साय धरली की उतरवायचे. आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला: अहो, ही तर उकड! चतुर्थीला मोदकांसाठी तांदळाच्या पिठीची काढतो तीच. इतकी वर्षे जी गोष्ट हाताने करीत आले, तीच परक्या नावाने समोर आली तेव्हा ओळखता आली नाही.

उकड म्हटल्यावर पुढचे आपोआप उलगडत गेले. उकळत्या पाण्यात पीठ शिजले म्हणजे ते थंड पाण्यात भिजवलेल्या पिठापेक्षा कितीतरी अधिक पाणी पोटात धरते. मग ती उकड कोमट होऊ द्यायची आणि अंडी एकेक करून घोटायची. कढत असताना घातली तर अंडे शिजते, ते मी अनुभवलेच होते. भट्टीच्या कडक आचेने आत धरलेल्या पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडायला धडपडते आणि गोळ्याला फुगवते. तोवर अंडे शिजून भिंत घट्ट होते. भिंत घट्ट होण्यापूर्वी दार उघडले तर वाफ विरते आणि घर कोसळते. यात सोडा नाही, यीस्ट नाही. आहे ती नुसती वाफ, आपल्या पुरीतली. मी पाव लिटर पाणी, शंभर ग्रॅम लोणी, एकशे चाळीस ग्रॅम मैदा आणि चार अंडी घेतली. चौथे अंडे एकदम न घालता थोडेथोडे घातले, कारण पीठ डावावरून जाडसर पडद्यासारखे ओघळले की थांबायचे असते. ओव्हन दोनशे अंशांवर आणि मी दारापासून दूर, दुसऱ्या खोलीत, हात मांडीवर ठेवून. पंचवीस मिनिटांनी प्रत्येक गोळ्याला खाली एक भोक पाडून पुन्हा थोडा वेळ वाळू दिले. या वेळी कोबी सुकला नाही.

पण कारेमकडे परत येते, कारण त्याची खरी धावपळ आता सुरू होते. १८१० साली नेपोलियनने मारी-लुईझशी लग्न केले. त्या समारंभांच्या मिठाईकामात कारेमचा हात होता. चार वर्षांनी नेपोलियन पडला, विजयी राजे पॅरिसमध्ये उतरले आणि रशियाचा झार अलेक्झांडर तालेराँच्याच वाड्यात मुक्कामाला आला. जेवण अर्थातच कारेमचे. राज्ये उलथीपालथी झाली, टेबलावरचे पाहुणे बदलले, भटारखाना तोच राहिला. १८१६ मध्ये इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्जने, त्याला आपल्याकडे नेले. ब्रायटनच्या राजवाड्यातले नवे स्वयंपाकघर अजून पाहायला मिळते. त्याचे लोखंडी खांब ताडाच्या झाडांसारखे घडवले आहेत. तिथे जानेवारी १८१७ मध्ये रशियाचा राजपुत्र निकोलस पाहुणा आला, तेव्हा कारेमने शंभरावर पदार्थांची मेजवानी रांधली. पण इंग्लंडचे धुके त्याला मानवेना आणि वर्ष-दीड वर्षात तो पॅरिसला परतला. १८१९ साली तो सेंट पीटर्सबर्गला गेला, तिथेही रमला नाही. पुढे काही काळ व्हिएन्नाला इंग्रज वकिलाच्या पदरी होता. अखेर बॅरन जेम्स रॉथशील्ड या धनाढ्य पेढीवाल्याच्या घरी त्याने कित्येक वर्षे काढली. तिथे लेडी मॉर्गन ही आयरिश लेखिका जेवायला आली होती; कारेमने मधल्या रचनेच्या खांबावर साखरेत तिचे नाव कोरून ठेवले होते. भांडी घासणाऱ्या पोराने अक्षरे शिकून त्यांचा असा उपयोग केला.

एवढा मान, एवढा पैसा मिळूनही या माणसाच्या मनात एक सल होता असे मला वाटते. त्याला वास्तुशिल्पी व्हायचे होते. १८२१ साली त्याने सेंट पीटर्सबर्ग शोभिवंत करण्यासाठी स्मारकांचे आराखडे काढून ते झार अलेक्झांडरला अर्पण केले. त्यांतले काही बांधले गेले नाही. त्याचे राजवाडे साखरेचेच राहिले. एका रात्रीचे आयुष्य, मग दमट हवेने खांब वाकायचे, कळस घसरायचा, आणि सकाळी नोकर सगळे उचलून नेत.

त्याचे स्वयंपाकघर कसे होते तेही आपण ध्यानात घ्यावे. आपण गॅस बंद करतो, पंखा लावतो. त्या काळच्या मोठ्या घरांतले भटारखाने बहुधा तळघरात असत. कोळशाच्या शेगड्यांची रांग धगधगत असे. तयार पदार्थ वाऱ्याने निवू नयेत म्हणून वाढायच्या वेळी खिडक्या लावून घेत. त्या धगीत आणि धुरात वीस-वीस माणसे तासन्‌तास उभी. कोळशाचा धूर माणसाला हळूहळू मारतो हे कारेमला कळत होते. त्याने लिहूनही ठेवले आहे. पण शेगडीपासून तो दूर गेला नाही. १२ जानेवारी १८३३ रोजी तो पॅरिसमध्ये वारला, तेव्हा त्याचे वय अवघे अठ्ठेचाळीस होते. आयुष्यभर पोटात घेतलेल्या त्या धुरानेच त्याचा बळी घेतला असे मानले जाते. त्याला मोंमार्त्रच्या दफनभूमीत पुरले.

मग त्याचे उरले काय? उरली ती पुस्तके. आणि मला तर वाटते, त्याचे सगळ्यांत मोठे काम तेच. दिवसभर धगीत उभा राहून आल्यावर हा माणूस रात्री टिपणे लिहीत बसे. आज काय केले, काय बिघडले, का बिघडले. १८१५ मध्ये मिठाईवरचे दोन ग्रंथ निघाले. त्यांतल्या एकात त्याच्या स्वतःच्या हातच्या रचनाचित्रांचे शंभरावर पट आहेत. १८२२ मध्ये मेजवान्यांच्या याद्यांचा ग्रंथ, १८२८ मध्ये पॅरिसच्या आचाऱ्यासाठी एक. शेवटचा, एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच पाककलेवरचा मोठा ग्रंथ तो लिहीत असतानाच गेला. तीन भाग त्याचे, उरलेले दोन प्ल्युमरे नावाच्या आचाऱ्याने पुढे पुरे केले. सॉसचे चार मूळ प्रकार आणि त्यांतून फुटणाऱ्या शाखा अशी मांडणी त्याने करून दाखवली. तोवर जे नुसते ढीगभर पदार्थ होते, त्यांचे शास्त्र झाले. आणि हा राजांचा आचारी आपल्या त्या अखेरच्या ग्रंथाची सुरुवात कशाने करतो? साध्या घरातल्या मटणपाण्याच्या हंडीने. मांस पाण्यात हळूहळू शिजते तेव्हा आत काय घडते आणि आच वाढवली तर रस का बिघडतो, हे तो समजावून सांगतो. केवळ बड्या घरांसाठी आपण लिहीत नाही, असा त्याचा आग्रह होता.

हे वाचताना मला राहून राहून आमच्या काकूंची आठवण येत होती. काकूंचे चिरोटे आमच्या सगळ्या गोतावळ्यात नावाजलेले. पापुद्रा सुटावा तो असा, की पाकाचा थेंब एका पदरातून दुसऱ्या पदरात उतरताना दिसावा. कारेमच्या हातच्या पदर सुटणाऱ्या पेस्ट्रीची वर्णने वाचली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काकूंचा पोळपाटच आला. लग्न होऊन आले त्या वर्षी मी त्यांना साट्याचे प्रमाण विचारले होते. त्यांनी बोटे तुपात बुडवून, पिठीत घोळवून मला दाखवली आणि हाताला समजते म्हणून सांगितले. त्यांना लपवायचे नव्हते. त्यांना तसेच शिकवले गेले होते. त्या गेल्या त्याला आता तीस वर्षे होतील. त्यांच्या सुना करतात, मी करते; चिरोटे होतात, पण ते नव्हेत. हाताला जे समजत होते ते हाताबरोबर गेले.

आपल्याकडे हातगुणाचे कौतुक फार. अंदाजाने घालणारी ती सुगरण, मोजणारी ती नवशिकी, असा एक समज. मीही त्याच समजात वाढले. पण कारेमइतका हात कोणाचा असेल? त्या माणसाने अंदाजावर भागवले असते तर कोणी त्याला बोल लावला नसता. तरीही तो मोजत राहिला, लिहीत राहिला. मला त्याचे कारण त्याच्या बालपणात दिसते. ज्याला शिकवायला घरात कोणी नव्हते आणि जो दुसऱ्याच्या कागदांवरून शिकला, त्याला लिहून ठेवलेल्या गोष्टीची किंमत कळली होती. वेशीबाहेर सोडलेल्या दुसऱ्या एखाद्या पोराला आपले पुस्तक सापडेल, असे त्याच्या मनात आले असेल की नाही हे मी कोण सांगणार? पण दोनशे वर्षांनी, दुसऱ्या खंडात, मोदकाची उकड काढणाऱ्या एका म्हातारीला ते उपयोगी पडले.

आता गोळे नेमाने फुगतात. दूध, बलक, साखर आणि कॉर्नफ्लोअर आटवून केलेले क्रीम मी पूर्ण निवल्यावरच आणि वाढण्याच्या थोडेच आधी भरते. आधी भरून ठेवले तर कवच मऊ पडते. नातीला मी हे नुसते तोंडी सांगितले नाही. दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर दोघींनी मिळून कृती लिहिली. डाव्या बाजूला काय करायचे, उजव्या बाजूला का करायचे. माझ्या तिन्ही फसलेल्या खेपाही तिने आनंदाने, सविस्तर नोंदवल्या आहेत.

दुसऱ्या पानावर मी चिरोटे असे नाव घातले आहे. दर रविवारी थोडा साटा वजन करून फेसते, चार चिरोटे तळते आणि काकूंचा पदर आठवून पाहते. आजवर सहा वेळा आकडा लिहून खोडला. तांदळाच्या पिठीपुढची जागा अजून रिकामी आहे.